पाहुण्यांचं तिकीट

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाऊजींचा आवाज असा होता, की त्यांनी जिन्यात कोणाच्या कानात काही सांगितलं तरी ते माझ्या स्वयंपाकघरात पोहोचायचं. गल्लीत सगळे त्यांना भोंगा म्हणत. मी भाऊजी म्हणायचे, कारण ते आमच्या ह्यांना दादा म्हणत आणि मला वहिनी. रक्ताचं नातं काही नव्हतं. त्यांच्या बायकोला मी जाऊबाई म्हणे, तेही त्याच न्यायाने. त्यावर ती म्हणायची, "जाऊ म्हणता तर वाटणीही द्या की. तुमच्या गॅलरीत ऊन जास्त येतं."

भाऊजी बसगाड्यांची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात सीट शिवायचे. लोखंडी सांगाड्यावर फोम, फोमवर रेक्झिन, आणि रेक्झिन ताणून खालून पिना. ताण कमी पडला तर सुरकुती राहते, जास्त झाला तर शिवण उसवते. सीट पूर्ण झाली की ते स्वतः त्यावर बसून मागे-पुढे सरकून बघायचे. मालक म्हणायचा, हा माणूस पगार घेतो शिवायचा आणि निम्मा दिवस बसून काढतो. पण दुसऱ्या कारखान्याने बोलावलं तेव्हा त्याच मालकाने त्यांना सोडलं नाही.

त्यांना दोनच गोष्टींचं वेड होतं, आमच्या गावाचा फुटबॉल क्लब आणि बारक्या. बारक्या त्यांचा पुतण्या. भाऊ आजारपणात गेला, भावजयीने दुसरं घर केलं, आणि काडीसारखे पाय असलेलं एक पोर भाऊजींच्या दारात आलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. जाऊबाई इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी धुऊन घरी यायची आणि मग बारक्याच्या मोज्यांतला चिखल काढत बसायची. "ह्या घरात एक ओरडतो आणि एक पळतो," ती म्हणायची, "धुवायला मी."

क्लब मोठा नव्हता. खालच्या दर्जाच्या स्पर्धेत खेळायचा, कधी जिंकायचा, बहुधा हरायचा. पण दुसऱ्या गावी सामना असला की कारखान्याचा मालक एक जुनी बस फक्त डिझेलच्या खर्चावर द्यायचा आणि ती बस कधी रिकामी गेली नाही. आमचे हे त्या बसचं तिकिटांचं काम बघायचे. हे गेल्यावर त्यांची खिडकीजवळची जागा काही सामने तशीच राहिली. मग एक दिवस भाऊजी खाली आले आणि म्हणाले, "वहिनी, ती रिकामी सीट मला बघवत नाही. मीच शिवलेली आहे. तुम्ही तरी बसा." मी विणकाम पिशवीत टाकलं आणि गेले. तेव्हापासून जात राहिले. ऑफसाइड म्हणजे काय हे मला आजही कळलेलं नाही, आणि आता कळून घ्यायची इच्छाही नाही.

त्या बसची एक रीत होती. मैदानापाशी पोहोचल्यावर प्रत्येकाच्या हातात तिकीट आल्याशिवाय कोणीही आत जायचं नाही. एकदा एका गावी एक तिकीट कमी पडलं, तर सगळी बस अर्धा सामना बाहेर बसून राहिली. शेवटी तिथल्या कोणाला तरी लाज वाटली आणि त्यांनी फाटक उघडलं. ही रीत कोणी घातली कोणालाच ठाऊक नव्हतं, पण ती पाळायची जबाबदारी भाऊजींची होती. ते दारात उभे राहून एकेकाचं तिकीट बघायचे आणि सगळ्यात शेवटी स्वतः आत शिरायचे.

मी सांगते आहे त्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका श्रीमंत क्लबने नवं मैदान बांधलं. आमच्यापैकी ते कोणीच पाहिलेलं नव्हतं. सामन्यांचं वेळापत्रक लागलं तेव्हा कळलं, की पाहुण्या प्रेक्षकांसाठी एक स्टँड राखून ठेवला आहे आणि त्याचं तिकीट त्यांच्या स्वतःच्या लोकांच्या तिकिटाच्या तिप्पट आहे. बाक तेच, वर छप्पर नाही तेही तसंच. कारण विचारलं तर म्हणे, बाहेरगावच्या लोकांसाठी जादा पोलीस लागतात, जादा सफाई लागते. दुसऱ्या स्टँडचं तिकीट काढावं म्हटलं तर ते फक्त त्यांच्या गावचा पत्ता असलेल्यांना मिळे. म्हणजे आमच्या माणसाला पर्यायच नव्हता. त्यात प्रवासाचा खर्च, बुडालेला पगार. ज्यांनी सगळ्यात लांबून यायचं त्यांनीच सगळ्यात जास्त भरायचं.

कारखान्याच्या शेडमध्ये बैठक झाली. फोमच्या थप्प्यांवर लोक बसले होते, मला मात्र खुर्ची मिळाली. कोणी म्हणालं, भरू या एकदा, काय होतंय. कोणी म्हणालं, जाऊच नये. भाऊजी म्हणाले, जायचं, पण आत नाही. बस घेऊन फाटकापर्यंत जायचं, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि आवाज करायचा नाही. त्यांचा तो स्टँड पूर्ण रिकामा राहिला पाहिजे. वर्तमानपत्राचा फोटोवाला येतो म्हणाला होता. दुसऱ्या तीन गावांच्या लोकांनीही शब्द दिला होता, की तुम्ही आत गेला नाहीत तर आमच्या पाळीला आम्हीही जाणार नाही. पहिली पाळी आमची होती. आमच्यातला एक जरी आत गेला असता तर सगळंच ओम फस्‌ झालं असतं.

तेव्हा चष्मेवाला उठला. हा चष्मे दुरुस्त करायचा आणि त्याचीच नजर जात चालली होती, यावर सगळ्यात जास्त विनोद तो स्वतःच करायचा. तो म्हणाला, "भोंग्या, मला तेवढं जाऊ दे. डॉक्टर म्हणतो, पुढच्या वर्षी मला मैदान आणि मागचं अंगण सारखंच दिसेल. नवं मैदान आहे, एकदा बघून घेतो."

भाऊजींनी त्याच्याकडे बघायचं टाळलं नाही, हे मी पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "आज तुला सोडलं तर उद्या प्रत्येकाच्या घरात एक चष्मेवाला निघेल."

चष्मेवाला मान हलवून खाली बसला. मग म्हणाला, की बरोबर आहे, पण निदान माझी सीट पुढे दे, रस्ता तरी बघतो. सगळे हसले आणि बैठक संपली.

सामन्याच्या आठवड्यात, मंगळवारी, मी वर जाऊबाईला इस्पितळाची ब्लँकेटं घडी करायला मदत करत होते. धोबीखान्यातली मशिनं बंद पडली की ती काम घरी आणायची. बारक्या सराव करून आला, दारातच उभा राहिला आणि बूट काढायचं विसरला. दोन वर्षं तो राखीव खेळाडूंत होता. आता डावीकडून खेळणाऱ्याचा घोटा सुजला होता आणि प्रशिक्षकाने बारक्याला सांगितलं होतं, शनिवारी तू.

भाऊजींनी त्याला दोन्ही खांद्यांना धरलं. बोलायला तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. शनिवारचा सामना कुठे आहे ते त्यांना तेव्हा आठवलं.

बारक्याने खिशातून एक पास काढला. खेळाडूच्या घरच्या एका माणसाला क्लबकडून मिळतो. "फुकट आहे, काका," तो म्हणाला. "त्यांच्या गल्ल्यात यातला एक पैसाही जात नाही."

"बसायचं कुठे?"

"पाहुण्यांच्या स्टँडमध्ये."

भाऊजींनी पास हातात घेतला नाही. जाऊबाई म्हणाली, मग जा की, अडलंय कुठे, फुकट म्हणतोय ना तो. भाऊजींनी सांगितलं, की रिकाम्या स्टँडमध्ये एक माणूस बसलेला फोटोत आला तर तो पैसे देऊन बसला की फुकट, हे फोटोत दिसत नाही.

"मग मी जाते," जाऊबाई म्हणाली. तिने जन्मात एक सामना पाहिलेला नव्हता.

"घरातलं कोणीच नाही."

तिने हातातल्या ब्लँकेटची घडी पूर्ण केली, थप्पीवर ठेवली आणि वरून हात फिरवला. "अहो, त्या सगळ्या मैदानात आपल्या पोरासाठी टाळी वाजवायला एक माणूस नसेल," ती म्हणाली. "एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी बातमी कारखान्यात पसरली. लोक एकेक करून भाऊजींच्या टेबलाशी येऊन गेले. तू जा, आम्ही बघितलं न बघितल्यासारखं करू. बापाच्या जागी आहेस, कोण काय बोलणार. भाऊजी पिना मारत राहिले. शेवटी चष्मेवाला आला. त्याला कारखान्यात काही काम नव्हतं, तो मुद्दाम आला होता. म्हणाला, "तू आत जा. मी बाहेर उभा राहून तुझ्या वाटणीचंही बघतो." त्याला वाटलं भाऊजी हसतील. पण त्याच्या ह्या बोलण्यानेच उरलासुरला दरवाजा बंद झाला. ज्याला आपण नाही म्हटलं त्यानेच हो म्हटल्यावर भाऊजी आत कसे जाणार होते? भाऊजींनी मला हे जिन्यात सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकायला कठीण गेला.

संघ शुक्रवारीच निघाला. बारक्या पिशवी घेऊन खाली उतरला, भाऊजी त्याच्या मागे. माझ्या दाराशी दोघं थांबले. मी त्याला नीट खाऊन घे वगैरे काहीतरी म्हणाले. तो भाऊजींना म्हणाला, "काका, मी त्या बाजूला बघणारच नाही. रिकामं असेल हे माहीत आहे, तरी बघितलं तर वाईट वाटेल."

"नको बघूस," भाऊजी म्हणाले. "चेंडूकडे बघ."

शनिवारी बस भरून गेली. नेहमी जाताना गाणी, टिंगल, मागच्या सीटवर पत्ते असत. त्या दिवशी कोणी एक-दोन विनोद करून पाहिले, ते रुजले नाहीत. चष्मेवाला पुढे बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होता आणि निम्म्या चुकीच्या वाचत होता. भाऊजी माझ्या पलीकडच्या सीटवर बसले होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू आत जायचंच आहे.

नवं मैदान गावाबाहेर होतं. करड्या रंगाची उंच भिंत, मध्ये मध्ये लोखंडी फाटकं. पाहुण्यांच्या खिडकीवर दराची पाटी होती आणि खिडकीत तिकीटविक्रेता हनुवटीला हात लावून बसला होता. बाजूच्या खिडक्यांसमोर त्यांच्या लोकांच्या रांगा. काही जण आमच्याकडे बघून हसले, काहींनी नजर खाली घातली. एक बाई येऊन म्हणाली, की तुमचं बरोबर आहे, आम्हालाही पुढे असंच लुटतील, आणि मग आपल्या नवऱ्याच्या मागे आत गेली. आम्ही भिंतीला पाठ लावून रांगेत उभे राहिलो. 'समान बाक, समान तिकीट' असं लिहिलेलं कापड दोघांनी धरलं. फोटोवाल्याने आमचे फोटो काढले आणि रिकाम्या स्टँडचे काढायला तो आत गेला. बस एका बाजूच्या फाटकाला थोडी आडवी लागली होती. तिथला पोलीस म्हणाला, राहू दे, हे फाटक उघडत नाही सहसा.

सामना सुरू झाल्याचं शिटीवरून कळलं. मग भिंतीपलीकडून आवाज येऊ लागले आणि भाऊजी ते आम्हाला उलगडून सांगू लागले, हळू, म्हणजे त्यांच्या मानाने हळू. इतकी वर्षं मैदानात काढलेली, त्यांना गर्दीचा प्रत्येक हुंकार ओळखीचा. आवाज चढत जाऊन एकदम तुटला, की चेंडू बाहेर गेला. सगळीकडून एकदम खाली आला, की आपल्या गोलकीपरने अडवला. मग डाव्या अंगाने छोटे छोटे, धसकल्यासारखे आवाज येऊ लागले, एकामागून एक. भाऊजींनी डोळे मिटले.

"हा बारक्या आहे," ते म्हणाले. "पळवतोय त्यांना. ऐका, पुन्हा. त्यांच्या लोकांना घाम फुटलाय."

रांगेतले सगळे त्यांच्याकडे झुकले. मीही माझ्या सुया खाली ठेवल्या. चष्मेवाला म्हणाला, "आता कसं, सगळेच माझ्यासारखे झालात."

पुन्हा तो धसकल्यासारखा आवाज आला, ह्या वेळी मोठा, आणि शिटी वाजली. मग काहीच नाही. शांतता इतकी लांबली, की भाऊजींनी डोळे उघडले. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. आरडाओरडा नाही, गोल झाल्यावर होतो तसा दणका नाही. संथ, एकसारख्या, चारी बाजूंनी, मनापासून वाजवलेल्या टाळ्या.

भाऊजींचा चेहरा उजळला. तो चेहरा मी विसरू शकत नाही. "त्यांचेच लोक," ते म्हणाले. "त्यांचेच लोक आपल्या पोराला टाळ्या देतायत. असं केलंय काहीतरी त्याने." आणि आवाज करायचा नाही हा स्वतःचा नियम मोडून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि त्या भोंग्याच्या आवाजात ओरडले, "वा रे पठ्ठ्या!" ते टाळ्या वाजवू लागले, मग आमची सगळी रांग वाजवू लागली. कापड धरणाऱ्यांनी कापड खाली टाकलं. मीही वाजवल्या.

टाळ्या थांबायच्या आत बाजूचं फाटक आतून धडधडलं. बस आडवी होती. पोलीस ओरडला, गाडी मागे घ्या, रुग्णवाहिका येते आहे. भाऊजी स्वतः धावत गेले, ड्रायव्हरला हाताने दाखवत बस मागे घेववली, लोकांना बाजूला सारलं. "येऊ द्या, येऊ द्या, कोणाला तरी लागलेलं दिसतंय," ते म्हणाले. रुग्णवाहिका आमच्या मधून गेली. भाऊजींनी तिच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, जा म्हणून, जशी कारखान्यातून नवी बस बाहेर पडताना मारत.

मध्यंतरात तिकीट तपासणारा एक माणूस सिगारेट ओढायला बाहेर आला. आमच्यातल्या कोणीतरी त्याला विचारलं, काय चाललंय आत. तो म्हणाला, "शून्य-शून्य. तुमचा तो डावीकडचा पोरगा चांगला पळत होता. गुडघा गेला बिचाऱ्याचा. आमचे लोकही उभे राहिले त्याला नेताना."

लागलेल्या खेळाडूला उचलून नेताना सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवायच्या, ही पद्धत भाऊजींना काय सांगायची? आमच्या मैदानात त्यांनी स्वतः दुसऱ्यांच्या पोरांसाठी कितीदा वाजवल्या होत्या. पण तेव्हा ते आत असत. स्ट्रेचर समोर दिसे आणि मग टाळ्या ऐकू येत. नुसत्या टाळ्या त्यांनी कधी ऐकल्याच नव्हत्या, कारण आयुष्यात एकाही सामन्याला ते भिंतीच्या बाहेर उभे राहिले नव्हते.

बस घेऊन आम्ही तिथल्या इस्पितळात गेलो. सगळेच गेलो, कोणाला तसं सांगावं लागलं नाही. गुडघ्यातली हाडं आणि आतले बंध दोन्ही तुटले होते. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलला. चालेल, म्हणाला. पळण्याबद्दल त्याने काही विचारू दिलं नाही.

जाऊबाई रविवारी सकाळी आली. मी रात्री तिथेच एका नातेवाइकाकडे राहिले होते, ती आली तेव्हा खाटेजवळ होते. तिने आधी चादर बघितली, कोपरा उलटा करून बघितला, मग बारक्याच्या कपाळावर हात ठेवला. भाऊजींशी ती एक शब्द बोलली नाही. दुपारी बारक्याची गुंगी पुरती उतरली.

"काका," तो म्हणाला, "काल मला नेत होते तेव्हा तुझा आवाज आला. भिंतीच्या पलीकडून. वा रे पठ्ठ्या म्हणालास."

भाऊजी खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी हो म्हटलं.

"मला कळेना, तू कशासाठी ओरडलास. वाटलं, तिकिटांचं काही जमलं असेल. त्यांनी दर उतरवले असतील."

"नाही रे," भाऊजी म्हणाले. "मला वाटलं त्या टाळ्या तुझ्यासाठी आहेत."

"माझ्यासाठीच होत्या," बारक्या म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर भाऊजींना सोपं गेलं असतं.

पुढचं लवकर सांगते. रिकाम्या स्टँडचा फोटो वर्तमानपत्रात मोठा छापून आला. बाकीच्या तीन गावांनी शब्द पाळला. दुसऱ्या गावांचेही लोक त्यात आले आणि पुढच्या हंगामाआधी स्पर्धेच्या कार्यालयाने नियम केला, की पाहुण्यांच्या तिकिटाचा दर यजमानांच्या तशाच बाकाच्या दरापेक्षा जास्त ठेवता येणार नाही. आमच्या गावात लोकांना फार आनंद झाला. बसमधली मंडळी भाऊजींकडे सांगायला आली, जिना भरून गेला. भाऊजी त्यांच्याशी बरं बोलले. जाऊबाई आतून म्हणाली, पाणी पिऊन जा, चहा टाकायला मला आत्ता वेळ नाही. तिला वेळ होता. मी तिथेच होते.

त्यानंतर भाऊजी बसने जाईनात. तिकिटं बघायला दारात दुसरं कोणीतरी उभं राहू लागलं. बारक्याला त्यांनी कारखान्यात फोम कापायच्या टेबलावर लावून घेतलं, ते काम बसून करता येतं. त्याचा गुडघा पुरता वाकत नसे. काका-पुतणे सकाळी बरोबर निघायचे, संध्याकाळी बरोबर यायचे, आणि जिन्यातून येताना त्यांच्या बोलण्याचा आवाज मला ऐकू यायचा नाही, कारण ते बोलतच नसत. जाऊबाई मला एकदा म्हणाली, "वहिनी, पूर्वी ह्यांना गप्प बसा म्हणून माझा घसा दुखायचा. आता मी रेडिओ लावते."

त्या नव्या मैदानावरचा सामना पुन्हा आला तेव्हा बारक्यानेच विषय काढला. मला तिथे एकदा बसायचंय, म्हणाला. भाऊजी नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, तुझा पाय बसमध्ये मावणार नाही. मग दुसऱ्या दिवशी त्यांनीच बसमधल्या एका सीटचा सांगाडा कापून पुढे पाय लांब करता येईल अशी जागा केली आणि वरचं रेक्झिन नव्याने शिवलं.

आम्ही सगळे त्यांच्या लोकांच्याच दरात तिकीट काढून आत गेलो. चष्मेवाल्याला दोघांनी धरून नेलं. त्याला आता नुसता उजेड कळत होता. तो म्हणाला, गवताचा वास नवा आहे, मैदान चांगलं असणार.

पाहुण्यांचा स्टँड कोपऱ्यात होता. समोर लोखंडी जाळी आणि जाळीच्या पुढे, अगदी जवळ, गुणफलकाचं अवाढव्य खोकं खांबांवर उभं केलेलं. गुण त्याच्या पलीकडच्या तोंडावर दिसायचे, यजमानांना. आमच्याकडे त्याची पाठ, तारा आणि गंज. त्या खोक्यामागे मैदानाचा जवळचा एक मोठा तुकडा पूर्ण झाकला जात होता. बारक्याने पाय लांब करून बसायला थोडा वेळ घेतला. मग तो बराच वेळ त्या खोक्याकडे बघत राहिला.

"मी तिथे पडलो," तो म्हणाला. "खोक्याच्या मागे. सगळा वेळ त्याच पट्टीत पळत होतो." आणि थोड्या वेळाने, "तू आत आला असतास तरी इथून मी दिसलोच नसतो, काका."

हे त्याने भाऊजींना बरं वाटावं म्हणून म्हटलं, की त्याला स्वतःलाच ते आत्ता कळलं होतं, मला सांगता येणार नाही. मी त्याच्या शेजारीच बसले होते आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

"मी उभा राहिलो असतो," भाऊजी म्हणाले. "वाकून बघितलं असतं."

"सगळेच उभे राहिले असते तर कोणालाच दिसलं नसतं."

"मग जाळीपाशी गेलो असतो."

सामना चालू होता. आमच्या लोकांनी कशासाठी तरी आरडाओरडा केला, मग तो विरला. भाऊजी उठले, बाकांमधून वाट काढत खाली उतरले, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत, आणि जाळीला धरून डावीकडे जितकं वाकता येईल तितके वाकले. राखणदार आला आणि बसा म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. तो दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा आमच्या बसमधला कोणीतरी त्याच्याशी जाऊन बोलला आणि तो बाजूला झाला.

चेंडू तेव्हा पलीकडच्या टोकाला होता आणि सगळे खेळाडूही तिकडेच गेले होते. भाऊजी जाळीला कपाळ लावून खोक्यामागच्या त्या गवताच्या तुकड्याकडे बघत होते. तिथे कोणीच नव्हतं.